तहकूब सभेचा अर्धा तास

सार्वजनिक वाचनालयाच्या घटनेत, बहुधा शेवटच्या पानांत कोठेतरी, एक कलम असते. आणि त्या कलमाची कृपा नसती तर आमच्यासारख्या कित्येक संस्थांच्या वार्षिक सभा जन्मात कधी भरल्या नसत्या. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी, त्याच जागी, अर्ध्या तासाने पुन्हा भरेल आणि त्या वेळी गणपूर्तीचे बंधन असणार नाही, असा त्या कलमाचा आशय असतो. पहिल्या सभेला माणसे लागतात म्हणून ती होत नाही आणि दुसरीला लागत नाहीत म्हणून ती होते. मधल्या अर्ध्या तासाची इतिवृत्तात नोंद नसते; कदाचित म्हणूनच त्यात माणसे थोडे खरे बोलतात.

गेल्या सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी सावनेरास आमच्या वाचनालयाच्या वाट्याला असाच एक अर्धा तास आला. सकाळपासून पावसाची झड लागलेली होती, कोलार नदी गढूळ होऊन वाहत होती, आणि संत्र्यांच्या बागांत आंबिया बहाराची फळे गळू लागल्यामुळे शेतकरी सभासदांना आमच्या जमाखर्चापेक्षा आपल्या फळगळीची विवंचना अधिक असणार, हे उघड होते. हजेरीपटावर सहा सह्या झाल्या. भिंतीवर राम गणेश गडकऱ्यांची तसबीर आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी ते याच गावी वारले, आणि दरवर्षी त्या तारखेला आमचे सभागृह भरून दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. पुण्यतिथीला येणारी माणसे हिशेबाला येत नाहीत.

आमच्या चिटणीसबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या; गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणते. त्यांनी इतिवृत्ताच्या वहीत वेळ टाकली, 'कोरमअभावी सभा तहकूब' असे आपल्या वळणदार अक्षरात लिहिले आणि पेनाला टोपण लावले. त्यांच्या समोर नायबसाहेब बसले होते. महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमचे आजीव सभासद; त्यांनी आजवर एकही सभा चुकवलेली नाही आणि एकही सभा आक्षेपाशिवाय पार पडू दिलेली नाही.

"बाई, रागावणार नसाल तर एक विचारतो," ते म्हणाले. "नव्वदांवर सभासद, त्यांतले सहा हजर, आणि अर्ध्या तासाने हेच सहा जण साऱ्या नव्वदांच्या नावाने वर्षाचा हिशेब मंजूर करणार. परवा व्याख्यानात तुम्ही म्हणालात की स्वयंसेवी संस्था या लोकशाहीचा कणा आहेत. तो कणा हाच का?"

"कणा व्याख्याते म्हणाले. मी फक्त आभार मानले," बाई म्हणाल्या. "आणि सहा जणांचे म्हणाल, तर ग्रामसभेचा नियम तुम्हीच मला एकदा सांगितला होता. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तो जमला पाहिजे. नाही जमला तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती नको. आम्ही काही वेगळे करत नाही."

"कबूल. पण ग्रामसभेला न फिरकलेला माणूस निदान पाच वर्षांनी मतदानाला येतो आणि सरपंचाला घरी बसवतो. तुम्हाला घरी कोण बसवणार? १८६० चा एकविसावा कायदा सात माणसांना संस्था काढू देतो. सात! आपल्या विदर्भात 'संस्था' हा शब्द काढला की माझ्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, सांगू? अध्यक्ष वडील, सचिव मुलगा, कोषाध्यक्ष सून, आणि उरलेले चौघे दूरचे मेहुणे. जागेच्या मागणीच्या अशा कितीतरी फायली माझ्या हाताखालून गेल्या. पहिल्या पानावर 'समाजाचा सर्वांगीण विकास', शेवटच्या पानावर सातबारा."

मला हसू आवरले नाही. बाई मात्र हसल्या नाहीत. शिक्षकी पेशात मुरलेल्या माणसाला विनोदापलीकडचा मुद्दा आधी दिसतो.

"घरी कोण बसवणार, हा प्रश्न आपल्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वीच पडला होता," त्या म्हणाल्या. "पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयी पुण्यात तक्रारी होत्या, त्या धामधुमीतून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. तिचा सभासद होऊ पाहणाऱ्याला निदान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. पंचाण्णव सभासद जमले आणि त्यांच्यामागे काही हजार सह्या. त्या काळी कायदेमंडळात लोकांनी निवडून दिलेला एक माणूस नव्हता, साहेब. ज्या राज्यात मतपेटीच नव्हती, त्या राज्यात एका संस्थेने स्वतःवर मुखत्यारनाम्याची अट घालून घेतली, आणि मग १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. 'तुम्ही कोण?' असे कलेक्टराने विचारले असते तर उत्तर द्यायला त्यांच्यापाशी कागद होता."

"मग ती चाल पुढे टिकली का?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. "नाही टिकली," त्या म्हणाल्या.

ही कबुली मला आवडली. वादात हरलेली बाजू झाकण्यासाठी माणसे आवाज चढवतात. बाई अशा वेळी आवाज उतरवतात.

"आता पन्नास सह्या कोणी मागत नाही," त्यांनीच पुढे सुरू केले. "मागतात ते लेखापरीक्षण. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल. १९५० चा विश्वस्त कायदा आहे, धर्मादाय कार्यालय आहे, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान. कागद भरपूर आहेत."

"आणि ते सगळे जातात कुठे? वर! तुमचा हिशेब नागपूरला जातो. सावनेरात येत नाही. माझा आक्षेप काय तो एवढाच आहे, बाई. परदेशी देणग्यांच्या कायद्याचेच घ्या. १९७६ ला केला, २०१० ला नवा केला, २०२० ला आणखी आवळला. कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. कोणी म्हणतात गळचेपी, कोणी म्हणतात शिस्त. पण ज्या गावात तो पैसा खर्च झाला त्या गावाला या साऱ्यात कोणी कधी विचारले? संस्थेचा कान पिळायचा तर दिल्लीने पिळायचा, गावाने नाही. आणि आता तर आणखी एक धनी आला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. फार चांगले. पण आपल्या तालुक्यात खापरखेड्याचे औष्णिक केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत. अशा मुलखात ज्या संस्थेचा पगार त्या दोन टक्क्यांतून निघतो ती शिलाई यंत्रे वाटील, रोपे लावील, डोळ्यांचे शिबिर घेईल. राखेविषयी ती तोंड उघडील काय?"

या वाक्यावर कोणीच काही बोलले नाही. पावसाळा असल्यामुळे खिडकीच्या चौकटीवर तेव्हा राख नव्हती.

"तुम्ही दोन टक्क्यांची संस्था पाहता, मी दुसरी पाहते," बाई म्हणाल्या. "कळमेश्वर तालुक्यात गोंडखैरीच्या नियोजित कोळसाखाणीची जनसुनावणी २०२३ साली झाली. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशी सुनावणी घ्यावीच लागते, आणि मराठीत सारांश द्यावाच लागतो. पण मूळ अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. ज्या शेतकऱ्याला एवढेच विचारायचे असते की माझ्या विहिरीचे पाणी किती हात खाली जाईल, त्याला त्या बाडातले नेमके पान कोणी काढून द्यायचे? आमदाराला वेळ नाही. तुमचे महसूल खाते तर मंचावर अध्यक्षस्थानी. ते पान काढून देणारे कोणीतरी लागते, साहेब. निवडून आलेले नसले तरी चालेल, वाचता येणारे हवे."

"पान काढून देणे वेगळे आणि त्यात काय वाचावे हे सांगणे वेगळे."

"वेगळे आहे. पण पान बंदच राहिले तर दोन्ही नाही."

नायबसाहेबांनी चष्मा काढून पुसला. हे त्यांचे मुद्दा बदलण्याचे चिन्ह आहे. "माझ्या वडिलांच्या गावी तुकडोजी महाराजांचे गुरुदेव सेवा मंडळ होते," ते म्हणाले. "संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची आणि ती संपली की त्याच सतरंजीवर गावातल्या नालीचा विषय निघायचा. नोंदणी नव्हती, अनुदान नव्हते, प्रकल्प अहवाल नव्हता. सकाळी झाडू घेऊन जी माणसे निघायची तीच सभा आणि तोच ठराव. तुमच्या आजच्या संस्थांनी नाली साफ करायला नोकर ठेवला, नोकराचे फोटो काढायला दुसरा नोकर ठेवला, आणि गाव ओट्यावर बसून बघायला लागले. लोकांच्या अंगातली सार्वजनिकता या पगारी सेवेने आटली असे मला वाटते. आणि माणसे मंडळांत जमली म्हणजे लोकशाही आपोआप बळावते, हेही मी मानत नाही. १९३३ पूर्वीच्या जर्मनीत काय कमी मंडळे होती? गाणाऱ्यांची, कसरत करणाऱ्यांची, नेमबाजांची, माजी सैनिकांची. इतिवृत्ते तर त्यांच्याइतकी नेटकी कोणी ठेवली नसतील. हिटलरच्या पक्षाला तयार कार्यकर्ते त्याच मंडळांतून मिळाले."

हा वार जड होता, आणि मला वाटले आता बाई अडखळतील. पण त्यांनी विचार करून सावकाश उत्तर दिले. "तिथे समाजवादी कामगारांचे गायन मंडळ वेगळे होते, कॅथलिकांचे वेगळे, मध्यमवर्गाचे तिसरे. माणसे जमत होती ती आपल्यासारख्यांतच. शेजारी बसलेला माणूस आपल्यापेक्षा वेगळा असेल तरच मंडळाचा काही उपयोग." एवढे बोलून त्या थांबल्या, कारण बोलता बोलता त्यांची नजर आम्हा सहा जणांवर फिरली होती. आम्ही सहाही जण गावातल्या दोन मोहल्ल्यांतले होतो. सावनेरात मोहल्ले दोनच नाहीत.

पोऱ्या चहा घेऊन आला. नायबसाहेबांनी बशीत ओतून एक घोट घेतला. "महाडचे घ्या," बाई पुन्हा म्हणाल्या, जणू मघाच्या शांततेला त्या उत्तर देत होत्या. "सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सभासद बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. म्हणजे तुमच्या निवडून आलेल्या सभागृहांनी आपले काम चोख केले होते, कागद तयार होता; फक्त तळ्याला कोणी हात लावू शकत नव्हते. त्याच १९२४ साली बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि तुम्ही ज्या १८६० च्या कायद्याला हसता त्याच कायद्याखाली तिची नोंदणी झाली. पुढे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्च १९२७ रोजी माणसे तळ्याकडे चालत गेली. ठराव आणि तळे यांच्यामध्ये तीन वर्षे जी जागा रिकामी पडली होती, ती तुमच्या कुठल्या खात्याने भरून काढली असती?"

"कुठल्याच नाही," नायबसाहेब तत्काळ म्हणाले. "पण ते पगारी नव्हते, बाई. जिवावर उदार होऊन गेलेली माणसे होती ती. त्यांची तुलना शिबिरवाल्यांशी करू नका."

"मी शिबिरवाल्यांशी करत नाही, नोंदणीच्या कायद्याला तुम्ही नावे ठेवली म्हणून बोलले. बाटली तीच असते. आत काय भरायचे ते भरणारा ठरवतो."

नायबसाहेबांची जी गोष्ट मला नेहमी विस्मित करते ती हीच, की विरोधी पक्षाचा सर्वांत चांगला दाखला पुष्कळदा त्यांच्याच पोतडीतून निघतो. एकेकाळी त्यांची बदली गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याला झाली होती. त्या काळी खात्यात ती शिक्षा समजत. "तिथे मेंढा म्हणून गाव आहे," ते म्हणाले, "लेखा गावाजवळचे, म्हणून मेंढा-लेखा म्हणतात. तिथले पुढारी देवाजी तोफा. 'वृक्षमित्र' नावाच्या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल त्या गावात गेले ते शिकवायला नव्हे, अभ्यासाला. गावाचा एक अभ्यासगट असे. जंगल म्हणजे काय, कायदा काय म्हणतो, बांबू कोणाचा, यावर चर्चा. बाहेरचा माणूस अभ्यासगटात बसे, बोले, वाद घाली. पण अभ्यासगट निर्णय घेत नसे. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. एकाचे जरी मन वळले नाही तरी विषय पुढच्या सभेला. मला आधी वाटले, असे कधी काम होते काय? आमच्या कचेरीत तर एका सहीवर काम व्हायचे. आणि २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क देशात पहिल्यांदा मिळाला तो त्या गावाला. ज्या गावात एका सहीवर काम होते अशा कोणाला नाही मिळाला." ते क्षणभर थांबले. "संस्था असावी तर अशी. विचाराला हजर, निर्णयाला गैरहजर."

"मग 'वृक्षमित्र' नसती तर?"

नायबसाहेबांनी उत्तर दिले नाही. चहाची बशी पालथी घातली.

"तुम्ही म्हणता हिशेब वर जातो," बाई जरा मवाळ होऊन म्हणाल्या. "राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरापासून जनसुनावण्या घेतल्या. मंडप घालून रोजगाराच्या कामाचे हजेरीपट गावापुढे मोठ्याने वाचले. आणि कागदावर मजुरी घेणाऱ्यांत मयत माणसे निघाली. कुठलाही लेखापरीक्षक त्यांना ओळखू शकला नसता. गावाने ओळखले, कारण त्यांच्या मयताला गाव गेले होते. तिथून माहितीच्या अधिकाराची मागणी वाढली; आपल्याकडे अण्णा हजाऱ्यांची उपोषणे झाली, राज्याचा कायदा २००२ मध्ये आला, देशाचा २००५ मध्ये. त्यानंतर तुमच्याच कचेरीत अर्ज येऊ लागले की नाही?"

"आले ना."

"आणि तुम्ही काय उत्तर देत होता?"

"'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही'," नायबसाहेब खरेच लाजून म्हणाले, आणि या वेळी बाईही हसल्या.

तेवढ्यात दारातून पोऱ्याचा आवाज आला, "बाई, आणखी दोघं येऊन राहिले. चिंब भिजले." दोघे शेतकरी सभासद छत्र्या टेकवून आत आले, एकाच्या धोतराला काळ्या मातीचा थर होता. घड्याळात साडेचार झाले होते. बाईंनी टोपण काढले, 'तहकूब सभा पुन्हा सुरू' असे लिहिले, आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले.

जमाखर्चाला सुरुवात होताच नायबसाहेबांचे बोट चौथ्या पानावर थांबले. "कार्यक्रम खर्च, चहा व फराळ. पैकी सहाशे चाळीस रुपयांचे व्हाउचर दिसत नाही."

बाईंनी फाइल चाळली, पुन्हा उलटी चाळली. व्हाउचर नव्हते. २३ जानेवारीच्या गर्दीत चहावाल्याला पैसे दिले गेले आणि पावती घ्यायची राहिली, एवढेच निष्पन्न झाले. त्यांनी लिहिले: 'सदर रकमेबाबत सभासदांनी विचारणा केली; खुलासा पुढील सभेत करण्यात येईल.'

"विचारणा नव्हे," नायबसाहेब म्हणाले. "आक्षेप घेतला, असे लिहा."

बाईंनी 'विचारणा केली' यावर एक सरळ रेघ मारली, वर 'आक्षेप घेतला' असे लिहिले आणि समासात आपली आद्याक्षरे टाकली.

"हा कागद घरी न्याले मिळन का?" धोतरवाल्या सभासदाने विचारले. "येता येता दोघातिघांनी विचारलं, म्हणे वाचनालयाचा पैसा जाते कुठं."

हिशेबाच्या प्रती चार होत्या. एक धर्मादाय कार्यालयाची, एक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याची, एक लेखापरीक्षकाची आणि एक फाइलीची. सभासदासाठी पाचवी प्रत काढावी, असे आजवर आमच्यापैकी कोणाला सुचलेच नव्हते. रविवार असल्यामुळे झेरॉक्सचे दुकान बंद. बाईंनी वहीतला एक कोरा कागद फाडून पेन्सिलीसह त्याच्यापुढे ठेवला. तो मांडी घालून बाकावर बसला, कागद गुडघ्यावर घेतला, आणि नायबसाहेब खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकले. ते एकेक बाब वाचत, आकडा दोनदा सांगत. तो जपून उतरवून घेई. चौथ्या पानावरच्या त्या ओळीशी आल्यावर त्याने पेन्सिल उचलली.

"इथं काय लिहू?" त्याने विचारले.